टक्स

तामालेच्या छावणीबाहेर
फुसेनी शिंप्याकडे तीस वर्षं एकच पुठ्ठा.
सगळे साहेब त्यावरूनच बेतलेले.

आज वुनपिनी आली,
अधिकारी-निवडीचं पत्र मुठीत.
त्यानं गळ्यातला टेप काढला,
आणि अडला.
"तूच घे माप," भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"मी लिहितो."

ती आकडे बोलत गेली
हुकूम सोडल्यासारखे.
"आणि टक्स नीट घाला, काका.
भरतीच्या दिवशी दिलेला शर्ट
कुणा बाप्याच्या मापाचा होता.
रायफल उचलली की काखेत काचायचा."

रात्री त्यानं पुठ्ठा उलटा केला.
कोऱ्या बाजूला खडूची रेघ,
दोनदा पुसलेली.
खांद्यावरच्या ताऱ्याची जागा तेवढी
जुन्या बाजूवरून उतरवली:
शिवणीपासून दोन बोटं.