तिरकी पाचर

हागीत आमचं दुकान म्हणजे एक ऐरण, एक खिडकी
आणि हरणाच्या शिंगाचा तुकडा, लोखंड घासायला.
गंज काढायचा नसतो, बाबा म्हणायचे,
लोणच्यासारखा मुरू द्यायचा.
नऊ वर्षांची असताना एक परज सबंध हिवाळा
मी कमरपट्ट्यात बाळगली, झोपेतसुद्धा,
अंगाच्या उबेनं तिला जांभळट रंग यावा म्हणून.
तिचा गारठा पोटाला अजून आठवतो.

तिच्यावर कोरलेलं काहीच नव्हतं.
लोखंड जिथं नव्हतं
तिथं दोन रानहंस उडत होते.
उन्हाला धरली की ते चटईवर उतरायचे.

मग फर्मान आलं: कमरेला तलवार लावून
रस्त्यावर यायचं नाही.
परजायचं संपलं, परजा उरल्या.
टोपल्या भरभरून आल्या,
पाण्यात अर्धं बुडालेलं चाक, बर्फानं वाकलेला बांबू,
एक मुळा (तो कुणी आणि का काढला, देव जाणे),
सगळं वजनावर, सुक्या मासळीसारखं.

मासुनो हानरोकु आले ते पावसाळी दुपारी.
रुमालात एकच परज. चतुर.
चतुर मागं उडत नाही, म्हणून लढणाऱ्यांचा लाडका.
बाबांनी मधल्या फटीवर अंगठा फिरवला.
तांब्याच्या तीन पाचरी,
म्हणजे या एका परजेनं तीन पाती नांदवली होती.

तिसऱ्या पाचरीपाशी अंगठा थांबला.
"ही मी बसवलेली," बाबा म्हणाले, कानापर्यंत लाल होत,
"सोळा वर्षांचा होतो. तिरकी बसलीय."

"ठाऊक आहे," हानरोकु म्हणाले.
"पावलागणिक खुटखुटायची.
बायकोला गल्लीच्या तोंडाशीच कळायचं,
भात वाढून ठेवायची."

बाबांनी कानस उचलली.
कुठलं पातं येणार होतं आता?
तरी उचलली.
म्हाताऱ्यानं हात पुढं करून चतुरावर झाकण घातलं.
"असू दे तशीच."

तराजू, पैसे, चहा. चहा ते प्याले नाहीत.
रीतीप्रमाणे वाकत वाकत,
पाठ न दाखवता, मागं मागं सरत
हानरोकु उंबऱ्याबाहेर गेले.

पारड्यात चतुर, तोंड दाराकडे.
मी पारडं हलवून पाहिलं.
खुटखुट होत नव्हती. तलवारीशिवाय
कशी होणार?