डिश-एंड

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, शेड नंबर एकशे सहा.
लाकडी कॅमेरा उघडला तेव्हा
वेल्डिंगवाली पोरं हसली:
काका, पेटी वाजवणार काय?
भाता आहे खरा. सूर नाही.

अमीनसाहेबांना कॅटलॉगच्या पहिल्या पानावर हवी होती
औषधांच्या रिअ‍ॅक्टरची डिश-एंड:
पाच फुटी स्टीलची वाटी, कडेला कंपनीचं नाव ठोकलेलं,
आतून आरसा.
मोबाइलवर काढलेत की, मी म्हटलं.
त्यात कड वाकते, ते म्हणाले,
जर्मन पार्टीला वाकडी कड चालत नाही.

दीड तास.
पुढची फळी अंशभर झुकवली, मागची ओळंब्यात आणली,
मे महिन्यात काळ्या फडक्यात डोकं घालून
घासलेल्या काचेवर भिंग टेकवलं,
कड मिलिमीटर-मिलिमीटरनं तपासली.
घाम नाकावरून काचेवर. पुसला. पुन्हा पडला.
काचेत सगळं नेहमीसारखं उलटं,
फरशी वर, पत्रे खाली,
क्रेनचा हूक जमिनीतून उगवल्यासारखा.

आणि त्या उलट्या शेडमध्ये
वाटीच्या पोटात एक माणूस
सरळ.
पायांवर उभा.

डोकं बाहेर काढलं.
माझ्या मागे ईश्वरभाई पढियार, बफिंगवाला,
हातात चिंधी, कानावर अर्धी विडी.
खोलगट स्टीलनं त्याला उलटा केला होता,
लेन्सनं त्या उलट्याला पुन्हा उलटा.
दोन चुका मिळून सरळ, असं मी म्हणणार नाही.
चूक कुणाचीच नव्हती.

माणूस काढा, साहेब म्हणाले, फडक्यात डोकावून.
ईश्वरभाई खांबामागे गेला.
मी काळा पुठ्ठा उभा केला, भोकातून लेन्स,
शेजारचा पॉवर प्रेस बंद करायला लावला,
फरशी थरथरते म्हणून.
एफ पंचेचाळीस, अकरा सेकंद, एक शीट.
बिलात तीच.

पण होल्डरला दोन बाजू असतात.
साहेब जेवायला गेल्यावर पुठ्ठा काढला,
म्हटलं, या ईश्वरभाई. हलायचं नाही.
तो उभा राहिला,
पासपोर्टच्या फोटोला राहतात तसा नाही,
पॉलिश झालेला माल बघायला राहतो तसा.

रात्री दांडिया बाजारात, न्हाणीघरात, दिव्याशिवाय
फिल्मची खाच बोटानं चाचपली.
स्टीलवरचा ओरखडा तोही असाच शोधतो, डोळे मिटून.
दुपारी सांगत होता, मी नीट ऐकलं नव्हतं.

निगेटिव्हवर सगळं टोकदार:
हूक, पत्र्याचे बोल्ट, शर्टाचं तुटकं बटण.
हात तेवढे धूसर.
बावीस वर्षं बफिंग व्हीलपाशी धरलेले हात
जेवणाच्या सुट्टीतही
अकरा सेकंद थांबले नव्हते.

प्रिंट द्यायला गेलो, हातांबद्दल माफी मागितली.
हाथ तो हाले ज ने, तो म्हणाला,
आणि प्रिंट पाठीमागूनही पाहिली, मालासारखी.

पुढच्या महिन्यात चेकसाठी पुन्हा फेरी.
टूलरूमच्या दाराशी फोटो होता,
उलटा टांगलेला.
फरशी वर, पत्रे खाली,
मधे तो, पायांवर.
शेजारी मी: तीन लाकडी पाय, एक काळं फडकं.
कंपनीचं नाव तेवढं
मान वाकडी केल्याशिवाय वाचता येत नव्हतं.