वरचं स्टेशन

कड्यावर तिचं स्टेशन, खाली नदीकाठी माझं.
मधे साडेचारशे मीटर तार
आणि तारेला लोंबकळणारा एक डबा,
खाणीच्या काळ्या धुळीत मूळचा निळा रंग विसरलेला.
खाणकामगार, पावाची पोती,
एकदा तर शवपेटी, उभी करून.
त्सियाला वरून घंटा द्यायची.
दोन टोले, सोड.
एक टोला, थांब.

दोन फेऱ्यांच्या मधे ती लिहायची.
सहा मिनिटं. कुणी नसलंच तर अकरा.

मीही लिहायचो, हे सांगायला हवं.
माझ्या एकट्याच्या अकरा कादंबऱ्या होत्या,
प्रत्येकीची पहिली चाळीस पानं झकास.
एकीत जहाज, एकीत जुळ्या बहिणी,
एक नुसती पत्रांची, उत्तरं न आलेली.
नव्याची नवलाई ओसरली की मला
डब्यातून उतरणाऱ्या कुठल्याही बाईच्या छत्रीखाली
पुढची कादंबरी दिसायची.

त्सियालाची एकच.
गिगो नावाचा पाणचक्कीवाला, म्हातारपणी ठार बहिरा,
रुसून गेलेल्या लेकीकडे बर्फातून चालत जातो
आणि तिच्या दारापाशी थबकतो.
तिथे तो तीन हिवाळे उभा होता.

सकाळी मी फोन फिरवायचो.
"ठोठावलं का?"
"नाही."
"वारा?"
"आहे. सावकाश सोड."

कधी लेक दार उघडून रडायची, तिने ते खोडलं.
कधी वाऱ्यानेच दार उघडायचं, तेही खोडलं.
एका शुक्रवारी वैतागून त्याला घरी पाठवला,
सोमवारी पुन्हा आणून उभा केला.
मी म्हटलं, किती दिवस हे भिजत घोंगडं?
काल तो एका डोळ्याचा घड्याळजी वर आला होता ना,
त्याच्यावर लिही की.
"तू घे त्याला," ती म्हणाली,
"माझा माणूस थंडीत उभा आहे."

मी घेतला.
चाळीस पानं झाली.

तिचा मुलगा कामाला पोलंडला गेला.
चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.
पगार कधी व्हायचा, कधी नाही.

मग फेब्रुवारीत एका दुपारी वीज गेली
आणि डबा दरीच्या मधोमध टांगला, आत सात माणसं.
धुक्यात ना तिला तो दिसे, ना मला.
चाळीस मिनिटं ती वरच्या लोखंडी खांबाला
तळहात लावून उभी होती म्हणे,
तार हलतेय का ते बघत.
वीज आली. फोन खणाणला.
"ओतार, तो ठोठावणारच नाही!
बहिऱ्याने ठोठावून करायचं काय,
'कोण आहे' ते थोडंच ऐकू येणार?
तो फळीवर हात ठेवेल नुसता.
लेकीची पावलं लाकडातून कळतील त्याला,
चक्कीचा दगड कळायचा तशी."
मी म्हटलं, "बाई, डब्यात माणसं आहेत."
"हो हो. सोड, सोड."

कुणाला वाटेल, मग काय, झालंच.
कुठलं! आत गेल्यावर गिगोला बसायला स्टूल हवं,
लेकीच्या हाताला काही काम हवं,
आणि इतक्या वर्षांनी आधी काय वाढायचं, सूप की शिव्या?
अजून चौदा महिने गेले.

एप्रिलमधली शेवटची फेरी. दोन टोले.
मी मोटर सुरू केली. मागोमाग फोन.
"डबा रिकामा नाहीये.
बाकावर आठ वह्या आहेत, पोत्याच्या सुतळीने बांधलेल्या.
भिजू देऊ नकोस."
"न्हालं म्हणायचं एकदाचं घोडं," मी म्हटलं.
ती हसली नाही. दमली असावी.

माझ्या खिशात बाराव्या कादंबरीचं पहिलं पान होतं,
खरंच चांगलं. ते खिशातच राहिलं.

बाहेर आलो. दरीत धुकं,
तार दहा हातांवर नाहीशी झालेली.
मी खांबाला तळहात लावला.
बराच वेळ नुसतं थंड लोखंड.
मग आलं, बारीक,
कुणी आतून चालत यावं तसं.