दहापर्यंत मोजायचं

रांजण धुवायला आत उतरलास की तू गात राहायचास.
आपला करारच होता तो:
वर गाणं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, माणसाहून खोल रांजण,
आत चेरीच्या सालीचा कुंचा, अंधार, आणि तुझा खर्ज.

त्या ऑक्टोबरात दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर
शब्द घसरले. नुसता सूर थोडा पुढे चालत गेला,
जू उतरवल्यावरही बैल चार पावलं जातो तसा.
मी हातातली कात्री खाली ठेवली नाही, झाउरी.
अजून एक घड कापला. मग आणखी एक.
हे तुला सांगितलेलं नाही.
आता सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही,
म्हणून रोज सकाळी सांगते.

दर बुधवारी तेलावीहून नातिया येते, चित्रांची पत्ती घेऊन.
किल्ली दाखवली की तू म्हणतोस बादली.
नासपती दाखवली की चिडतोस,
कारण नासपती तुला पक्की ठाऊक आहे,
झाड कुठल्या कुंपणापाशी, कलम कुणी बांधलं, सगळं,
फक्त नावच तेवढं देशोधडीला लागलंय.
नातिया मला बजावते: शब्द हातात देऊ नका.
मनात दहापर्यंत मोजा.

मी मोजते.
चाळीस वर्षं या गावाच्या प्रत्येक पंगतीत तू तामादा,
पेला उचलून मेलेल्यांची नावं घ्यायचास,
एकाही घराचं माणूस न गाळता,
बायका पदर नसलेल्या गावात रुमालानं डोळे टिपायच्या.
आणि आज मिठाच्या भांड्यावर
मी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुझं बोट
अक्षर अक्षर चाचपतं,
निसरड्या पायऱ्या उतरल्यासारखं.

गुराम कधी येणार, विचारतोस.
पहिल्या हिवाळ्यात मी खरं सांगायची:
तुझा भाऊ त्र्याण्णव सालीच गेला, सुखुमीला.
तू दर वेळी नव्यानं रडायचास.
एकच माणूस मी तुझ्याकडून अकरा वेळा मारवला.
बाराव्या वेळी म्हटलं, बाजारात गेलाय.
तू म्हणालास, मग भाकरी झाकून ठेव.
मी ठेवली.
त्सित्सो थेसालोनिकीहून फोनवर ओरडली, आई, हे खोटं आहे.
परक्या म्हातारीला भरवता भरवता
तिलाही किती खोटं बोलावं लागतं, हे मी विचारलं नाही.

हात मात्र तुझे शाबूत.
फेब्रुवारीत वेलीपाशी उभं केलं
तर कात्री बरोबर दुसऱ्या डोळ्यावर थांबली.
मी नुसती मागे उभी राहिले, थंडीत, हेवा करत,
की त्या वेलीला तू ओळखलंस.

ईस्टरला आपण कबरींवर गेलो.
लाल अंडी, पाव, वाइनचा घडा.
लोकांनी सवयीनं तुझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजरा वळवल्या.
तू पेला उचललास. डावा हात थरथरत होता, त्यातून सांडलं.
गुरामच्या दगडासमोर उभा राहिलास.
मी मोजायला लागले.
दहा झाले. वीस झाले. कुणाचं तरी पोर हसलं.
मग तू म्हणालास, “हा...
हा माझ्याजवळ झोपायचा. पाय गार असायचे त्याचे.”
आणि उरलेली वाइन मातीत ओतलीस.
आर्चिलनं टोपी काढली. नंतर बाकीच्यांनी.

घरी आल्यावर मी सूप वाढलं.
तू चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलंस,
खूप वेळ, पत्त्यांतलं चित्र पाहावं तसं.
माझं नाव लामारा. चौपन्न वर्षं झाली या स्वयंपाकघरात.
एक, दोन, तीन.
बाहेर कुणीतरी गाय हाकत होतं.
सातवर तू म्हणालास, “मीठ.”

मी भांडं पुढे केलं.
तू ते बाजूला सारलंस, मान हलवलीस,
आणि पुन्हा, माझ्याचकडे बघत,
“मीठ.”

मी ओ दिली.