चमचा कुठे वाजतो

त्याचं आडनाव नाम.
"नाव काय?" विचारलं तर म्हणाला, "नाम."
मी म्हटलं, तेच तर विचारतेय.
तिथून आमच्या गोंधळाला सुरुवात.

जयगडच्या बंदरात क्रेन उभी करायला आलेला हा माणूस
सात महिने माझ्या खानावळीत जेवला,
खिडकीजवळच्या बाकावर, जिथून बार्जांचे दिवे दिसतात.
सोलकढीला पहिल्या दिवशी घाबरला,
तिसऱ्या दिवशी वाटी पुन्हा पुढे केली.

गिऱ्हाईक सरलं की मला त्याची भाषा शिकवायचा.
मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवायची:
ओदी म्हणजे कुठे, ओन्जे म्हणजे कधी,
नुगा म्हणजे कोण,
म्वो म्हणजे काय.

एका रात्री त्याने चमचा उचलला.
"ओदी गायो?" आणि ओदीवर ताटाच्या काठाला टण्ण.
कुठे जातेस?
मग पुन्हा तेच, काना-मात्रा न हलवता,
या वेळी चमचा शेवटच्या "यो"वर, हलकेच, वर उचलल्यासारखा.
कुठे जातेयस का?
पहिल्याला गावाचं नाव सांगायचं.
दुसऱ्याला हो किंवा नाही, बस.

मला हसू आलं. हे मला शिकवतोस होय?
आमच्या सासऱ्यांना होडीकडे निघताना कुणी "कुठे?" विचारलं
तर माघारी येऊन ओट्यावर बसायचे,
तांब्याभर पाणी पिऊन, शिव्या घालून, मग निघायचे.
शेजारची भिकीवहिनी शहाणी. ती म्हणायची,
"काय, निघालात वाटतं?"
तुझा दुसरा चमचा तो हाच, नामसाहेब.

आणि कधी?
शारजाला ड्रेजरवर असलेल्या नवऱ्याला मी फोनवर विचारते,
"कधी येणार?"
तो म्हणतो, "येईन कधी."
शब्द माझाच. पुढचा मागे नेला त्याने,
वजन वाटेत सांडलं,
आणि माझा प्रश्नच मला उत्तर म्हणून परत आला.

"कोण आलंय?" मी चुलीपुढून ओरडते भर हंगामात.
"आलंय कोण!" श्रावणात,
रिकामी बाकडी पुसताना.

नाम चैत्रात गेला. पिशवी खांद्याला,
बाहेर जीपवाला घाई करतोय.
मी जपून, सगळं वजन शेवटी ठेवून विचारलं,
"ओदी गायो?"
तो म्हणाला, "ने."
त्यांच्याकडे ने म्हणजे हो, ठाऊक होतं मला.
तरी कानाने मराठीच ऐकलं,
आणि आमसुलांची पुडी त्याच्या हातात दिली.
नेली त्याने.

काल रात्री भांडी उरकून
फणसेकर मास्तरांची थकबाकी शोधायला वही उघडली,
तर मागचं पान.
त्यावर एक वाक्य होतं, तो रोज पैसे देताना म्हणायचा ते.
"म्वो मोगोस्सोयो?"
काय जेवलीस, असा अर्थ लावून
मी रोज घडाघडा सांगायची:
बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी,
भात, वर लोणच्याची फोड.
तो ऐकून घ्यायचा. थोडा थांबायचा. मान हलवून जायचा.
मला वाटायचं, हाच तर जेवला हे सगळं,
पुन्हा कशाला विचारतो,
माझी परीक्षा घेत असेल.

काल ते मोठ्याने वाचलं,
त्याच्या चालीत, जशी कानात राहिलीय तशी.
म्वोवर काहीच वजन नव्हतं.
आवाज शेवटाला वर जात होता.

काही खाल्लंस का?

सात महिने. रोज पावणेअकराला.
आणि मी त्याला फळ्यावरचे पदार्थ वाचून दाखवत होते.
वाढणारीला विचारतं कोण.

पातेल्याच्या तळाला पिठी होती, भात गार झालेला.
ताट घेऊन खिडकीच्या बाकावर बसले.
समोर त्याची क्रेन, टोकाला लाल दिवा.
"आनियो," म्हटलं तिला. नाही.
अजून नाही जेवले.
चमचा ताटाला लागला, टण्ण,
आपोआप.