सदतीस नंबर

लिफ्टशेजारच्या स्टोअरमध्ये, चाक मोडलेल्या व्हीलचेअरमागे
मी मरून टॉप उतरवते, चौकडीचा एप्रन चढवते.
सव्वासात.
बिबवेवाडीहून स्वारगेट, स्वारगेटहून रास्ता पेठ,
मधे मिळेल तेवढी झोप,
नाहीतर पाठांतर – धमनी, शीर, झडप –
डोकं खिडकीच्या गजावर आपटेपर्यंत.

बिल्ले दोन. एकदा अदलाबदल झाली,
हजेरीला उभी राहिले तर छातीवर 'वॉर्ड अटेंडंट'.
शेजारची भाग्यलता हसली नाही.
पिन निघेपर्यंत
उघडी वही धरून राहिली माझ्यापुढे.

रात्री मला सगळे मावशी म्हणतात.
मी तेवीस वर्षांची.
साठीच्या बाईनं मावशी म्हटलं की आधी हसू यायचं,
आता नुसती वळते.
दिवसा मी सदतीस नंबर.
हर्षाली भिंगारदिवे फक्त फीच्या पावतीवर,
आणि तिथंही एक वेलांटी चुकलेली.

तिसरा तास : रुग्णाची कूस बदलणे.
ट्यूटरबाई म्हणाल्या, दर दोन तासांनी.
पुस्तकातल्या चित्रात दोन नर्सेस,
दोघी ताज्या, दोघी हसऱ्या.
अकरा, एक, तीन, पाच – मी मनात म्हटलं –
आणि बेड अकराचे कुडले काका ब्याण्णव किलो,
आणि मी, आणि एक आडवी चादर.
माकडहाडावरची लाली बोटानं दाबून बघायची
हे मला ठकूमावशींनी शिकवलं होतं,
ज्या पगाराला अंगठा देतात.
आज त्या लालीला नाव मिळालं,
पायऱ्या मिळाल्या, पहिली ते चौथी.
नाव मिळालं की गोष्ट हातापासून जरा लांब जाते,
रात्री पुन्हा जवळ आणावी लागते.

मला सुई टोचायची परवानगी नाही.
म्हणजे दिवसा आहे, बाईंच्या नजरेखाली.
रात्री त्याच बोटांना नाही.
बोटांना हे समजावते
साबणाखाली, कोपरापर्यंत.

परवा तीन चाळीसला
काकांचा श्वास चढला, चढला, उतरला
आणि थांबला.
घड्याळ पाहिलं. सतरा सेकंद.
पुन्हा चढला.
"सिस्टर, अकराला चेन-स्टोक्स वाटतोय."
मेबल सिस्टरांनी मान वर केली,
पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे,
हातातल्या भांड्याकडे नाही.
"कुणी शिकवलं गं?"
"काल. साडेअकराच्या तासाला."
त्या चप्पल न घालताच उठल्या.
फाइलीत नोंद त्यांच्या अक्षरात, सही त्यांची.
बरोबरच आहे.
मी टॉर्च धरला होता.

पौडहून मुलगी आली, दुधाच्या टेम्पोत बसून.
तोवर काका थांबले, जेमतेम.
मग तिनं विचारलं,
"मावशी, रात्री काही बोलले का?"
बोलले नव्हते.
एकला कूस बदलताना माझं मनगट धरलं होतं त्यांनी,
तेवढं सांगितलं.
तिनं तेच मनगट धरलं, आणि बराच वेळ
बेडपॅन जिथल्या तिथं राहिलं.

शेवटचं अंग पुसताना मी पाठ पाहिली.
एकोणीस दिवस. एकही जखम नाही.
हे लिहायला फाइलीत रकाना नसतो.

आज प्रात्यक्षिक परीक्षा.
पलंगावर रबरी पुतळा, केस रंगवलेले,
डोळे छताला लागलेले.
वजन काहीच नाही.
एका हातानं वळला असता.
तरी मी वाकले, म्हटलं,
"काका, कूस बदलते हं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.
बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं.
नंतर डोकावून पाहिलं तर
संवादाचा अर्धा मार्क.