आस

निवतीच्या बर्फ फॅक्टरीच्या जिन्यावर
खालून चौथ्या पायरीला रेंज येते,
पाचव्या पायरीला जाते.
तिथे बसून मी तीस दिवस फुकट मिळणारं
सॉफ्टवेअर उघडलं होतं.
त्यात होती एक हसरी बाई, हव्या त्या भाषेत बोलणारी,
साडीचा रंग बदलता येणारी,
आणि उत्तर बरोबर आलं की उडणारे रंगीत कागद.
ऑफिसला हवा होता ऑनलाइन अभ्यासक्रम,
'जाळी दुरुस्ती: पायाभूत', बारा धडे, शेवटी प्रमाणपत्र.
माझ्याकडे होता रत्नागिरीहून आणलेला ट्रायपॉड
आणि द्वारका गिरकर.

द्वारकाकाकीला मी प्रश्न वाचून दाखवला:
खालीलपैकी योग्य गाठ कोणती? अ, ब की क?
तिने चष्मा पुसला. "तिनय बरोबर.
ही घाईत मारूची. ही सुरमयच्या जाळ्याक.
आनि ही माझो घोव मारी. ती सुटत नाय,
सुटाक व्हयी तेवाय."
मी आधी 'यांपैकी नाही' खोडलं,
मग क, ब आणि अ.

पहिली चित्रफीत समोरून काढली.
उजेड छान, मागे समुद्र, काकी कॅलेंडरातली.
नमिता तांडेलने ती बघून सुई डाव्या हातात धरली
आणि सगळी ओळ उलटी विणली,
आरशातल्यासारखी.
दोघी हसल्या. मी नाही.
"तू समोर कित्याक बसतंस?" काकी म्हणाली,
"मी आवशीच्या पाठी बसान शिकलंय.
तिच्या खांद्यावरसून."

मग समुद्र गेला. चेहरा गेला.
उरले खांद्यावरून दिसणारे दोन हात,
हिरवा नायलॉन, अंगठ्यावरची जुनी चीर.
माझा श्वासही रेकॉर्ड झाला होता,
तो मी काढला नाही.

धडा केवढा असावा?
कुठेतरी वाचलं होतं, सात मिनिटं.
इथे एका घरात एक फोन.
तो पहाटे होडीतून खोल पाण्यात जातो,
दुपारी येतो तेव्हा चार टक्के बॅटरी
आणि मेमरीत दशावताराचे नऊ व्हिडिओ,
जे कुणी पुसणार नाही, आणि का पुसावेत.
काकीने आसेत बोटं घालून दाखवली:
दोन गेली तर बांगडो, चार गेली तर सुरमय.
आस बारीक धरली तर पिल्लंही अडकतात,
अजून वाढायची होती ती.
मोठी धरली तर रात्रभर पाणीच गाळायचं.
आस. शाळेत आम्हाला या शब्दाचा वेगळा अर्थ शिकवला होता,
मी तो तिला सांगितला.
ती म्हणाली, "तोच मा?"

दोन मिनिटांचे तुकडे केले. एका तुकड्यात एक गाठ.
रेंज असेल तेव्हा उतरवायचे, नसेल तेव्हा बघायचे,
व्हॉट्सॲपवर, जिथे त्या आधीपासून असतातच.
हसऱ्या बाईची मुदत मंगळवारी संपली.
अहवालातला 'परस्परसंवादी घटक' हा रकाना
दोन दिवस कोरा ठेवला,
मग लिहिलं: फाटकं जाळं.

परीक्षा एवढीच: घरातलं एक भोक शिवा, फोटो पाठवा.
नावं अकराजणींची. फोटो चौघींचे.
एकात मांजर जास्त, जाळं कमी.
पाचवा आला रात्री पावणेबाराला, विजेरीच्या उजेडात.
भोक तसंच. कडेला दोन गाठी सोडवलेल्या.
खाली नमिताचा आवाज, नऊ सेकंद,
मागे कुणीतरी खोकतंय:
"हय एक आस जास्त येता. खंय चुकलंय?"

याचा धडा माझ्या बारांत नव्हता.
सकाळी काकी दोन बोटांनी फोटो मोठा करत राहिली,
भोकाच्या कडेपर्यंत, धूसर होईपर्यंत.
"शिवताना नाय चुकला ता," म्हणाली.
"भोक आधी कापून मोठां करूक व्हया.
फाटलेला सगळा काडूचा. मगे सुई."
आणि थोडी थांबून, माझ्याकडे न बघता:
"ह्यां मी सांगूकच नाय मा गे?"

ट्रायपॉडचा एक पाय वाळूत रुतत होता.
मी त्याच्याखाली माझी चप्पल ठेवली
आणि तिच्या पाठीशी जाऊन बसले.